हळदीवर अझा फवारू का, आणि बाटलीतल्या मुळ्या औषध का विसरल्या?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. वाळवा तालुक्यातली एक मुलगी, बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झालेली, घरची दीड एकर हळद, आणि घरामागच्या शेडमध्ये तिनं छोटी टिश्यू कल्चर लॅब टाकलीय. तिच्याकडं अश्वगंधाच्या हेअरी रूटची (ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूनं घडवलेल्या, बाटलीत वाढणाऱ्या मुळ्यांची) एक लाइन आहे, पाच वर्षं सबकल्चर करत आलीय, म्हणजे तुकडे कापून नवीन मीडियात, पोषक द्रावणात, हलवत आलीय, सुरुवातीला विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधातलं औषध, चांगलं यायचं, आता एचपीएलसीवर, म्हणजे घटक मोजायच्या यंत्रावर, आकडा दरवेळी खाली खाली चाललाय. तिनं वाचलं की ५-अझासायटिडीन (पुढं मी नुसतं अझा म्हणते) आणि तसल्या एपिजेनेटिक मॉड्युलेटरनं, म्हणजे जीन उघडे-बंद ठेवणाऱ्या खुणा हलवणाऱ्या रसायनांनी, औषधी घटक वाढतात. तिचे प्रश्न दोन. मॅडम, हे बाटलीत टाकू का? आणि वडील म्हणतात हळदीवर पण फवारून बघू, कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, वाढलं तर सौद्यात दर मिळंल, तर किती पीपीएम घेऊ?

आधी हळदीचं मिटवते. फवारू नकोस. एका सरीवर ट्रायल म्हणून पण नको, एक पंप पण नको. आणि वडिलांना नुसतं "मॅडम नको म्हणाल्या" असं सांगू नकोस, कारण सांग, शेतकऱ्याला कारण पटलं की तो ऐकतोच.

तू सांगलीची आहेस, हरिपूरची पेवं तुला माहितीच असतील. नदीकाठच्या त्या मातीत खोल खड्डा, आत हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. हळद आत आहे पण बाजारात नाही, मालकानं तोंड उघडलं तरच बाहेर. जीनचं मला नेहमी तसंच वाटतं. अश्वगंधाच्या प्रत्येक पेशीत विथॅनोलाइड बनवायची सगळी कृती लिहिलेली आहे, पण कुठल्या पेशीत कुठलं पेव उघडं आणि कुठलं बंद हे वरच्या खुणांवर ठरतं. डीएनएतल्या सायटोसीनवर मिथाइलचा एवढासा टिकला बसतो, ती एक खूण. आणि डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्या रिळांवर ॲसिटाइल बसलं की गुंडाळी सैल आणि काढलं की घट्ट, ही दुसरी. अक्षर एकही बदलत नाही, वाचता येतंय की नाही एवढंच बदलतं. वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी १९४२ साली एपिजेनेटिक्स हा शब्द काढला तेव्हा डीएनएची दुहेरी गुंडाळी अजून कुणी दाखवली पण नव्हती, ते ११ वर्षांनी झालं, तरी पेशी एकच कृती वेगवेगळी वाचते हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता ५-अझासायटिडीन काय करतं ते नीट बघ, कारण फवारणीचं उत्तर त्यातच आहे. ते दिसायला हुबेहूब सायटिडीनसारखं, फरक फक्त रिंगेतल्या पाचव्या जागेवर, कार्बनच्या जागी नायट्रोजन. पेशी विभागायच्या आधी डीएनएची कॉपी काढते तेव्हा हे सायटोसीनच्या जागी आत जाऊन बसतं, मग मिथाइल लावणारं एन्झाइम त्याच्यावर काम करायला येतं आणि तिथंच चिकटून अडकतं. एन्झाइम संपत जातं, नवीन कॉपीवर टिकले लागत नाहीत, असं दर विभाजनाला खुणा पातळ होत जातात. म्हणजे पेशी विभागत असली तरच हे काम करणार! हळदीचं वाढलेलं पान घे, त्यातल्या पेशींचं विभाजन कधीच थांबलंय, आणि तुला कर्क्युमिन पाहिजे ते जमिनीखाली, गड्ड्यात. पानावर मारलेलं तिथवर पोचणार कसं? त्यात हे पाण्यात टिकत नाही, विरघळलं की फुटायला लागतं, खोलीच्या तापमानाला पण काही तासांत त्याची ताकद उतरते, मग उन्हात तापलेल्या ड्रममधलं तर विचारूच नको.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हे कॅन्सरचं औषध आहे गं. १९६४ साली झेकोस्लोव्हाकियात तयार झालं आणि २००४ साली अमेरिकेत मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारासाठी मंजूर झालं. माणसाच्या विभागणाऱ्या पेशींवर पण ते तसंच काम करतं. ते पाठीवरच्या पंपात घालून तुझे वडील किंवा रोजानं आलेली बाई रानात फिरणार, आणि नंतर ती हळद कुणीतरी लहान पोराला दुधातून देणार, हे माझ्या डोळ्यांसमोर येतं आणि मला ते सहन होत नाही. तासगावच्या बागायतदारांना विचार, २०१० साली सीसीसीच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं कशी अडकली होती, आणि सीसीसी तर नुसतं वाढ रोखणारं रसायन. कायद्याचं बघायला गेलं तर जीए (जिबरेलिक ॲसिड) सारखी संजीवकं कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदवलेली असतात, बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलीत, आणि अझा या दोन्हीत कुठंच नाही. उद्या कुणी बाटलीत भरून "कर्क्युमिन बूस्टर" म्हणून विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठव.

वडिलांना कर्क्युमिनच वाढवायचं असेल तर ते बेण्यात आणि काढणीत आहे. हळद ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, बियाणं धरत नाही, गड्ड्यावरच चालते, त्यामुळं आज लावलेला गड्डा हा जुन्याच झाडाचा तुकडा असतो आणि जात कुठली यावरच निम्मं ठरून जातं. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन योजनेत जाऊन या एकदा दोघं, जातींचे फरक तिथं प्रत्यक्ष बघायला मिळतात. बाकी पाला पूर्ण वाळल्याशिवाय काढायची घाई नको, जास्त शिजवायची नाही, आणि एकदा वाळली की उजेडात उघडी ठेवायची नाही, कारण कर्क्युमिन उजेडानं विटतं. हळदीचं माझ्याकडं एवढंच.

आता बाटलीकडं येते, मला खरं तर यावरच बोलायचं होतं.

मी कराडजवळ १९ वर्षं लॅब चालवतेय, जास्त काम केळी आणि शोभेच्या झाडांचं, पण मनानं मी औषधी वनस्पतींच्या पेशींमध्येच अडकलेली. या १९ वर्षांत एक गोष्ट इतक्यांदा बघितलीय की आता सवयीची झालीय: नवीन लाइन जोमात औषध देते, मग दोन-तीन वर्षांनी वाढ तशीच, रंग तसाच, पण आतलं औषध हळूहळू गायब. जगभर हेच होतं. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध देणाऱ्या टॅक्सस झाडाच्या पेशी वर्षानुवर्षं बाटलीत ठेवल्या की उत्पादन पडतं, आणि त्यांच्या डीएनएवर मिथाइलच्या खुणा वाढलेल्या सापडतात. म्हणजे कृती हरवलेली नाही, पेवाचं तोंड बंद झालंय. पेशीच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे, बाटलीत किडा नाही, दुष्काळ नाही, साखर आयती मिळतेय, मग संरक्षणाचं महागडं रसायन बनवायचं कशाला? त्यातून जी पेशी औषधावर खर्च करत नाही ती जास्त वेगानं वाढते, आणि दर सबकल्चरला आपण डोळ्याला तरतरीत दिसेल तोच तुकडा उचलतो. म्हणजे विसरणाऱ्यांनाच आपण पाच वर्षं निवडत आलोय.

म्हणून माझं ठाम मत असंय की एपिजेनेटिक मॉड्युलेटर हे "वाढवायचं" औषध समजून वापरू नये. जे होतं आणि बंद झालं ते उघडतंय का हे बघायला वापरावं. तुझी लाइन त्यासाठी अगदी योग्य आहे, कारण आधी चांगलं येत होतं याचे कागद तुझ्याकडं आहेत. अझा दिल्यावर विथॅनोलाइड परत आलं तर समज खूण बसली होती. नाहीच आलं, दोन-तीन डोसला पण नाही, तर मग जीनच तुटला असेल, गुणसूत्रात काहीतरी उलटसुलट झालं असेल, तिथं कितीही अझा ओतलास तरी उपयोग नाही, नवीन लाइन काढ. माझ्या मते या रसायनाचा सगळ्यात मोठा उपयोग हा निदानाचा आहे, आणि लोक नेमका तोच सोडून देतात.

पण अझाला हात लावायच्या आधी साध्या गोष्टी तपास, नाहीतर खूण-खूण करत बसशील आणि दोष निघायचा मीडियात. साखरेचा किंवा मीठांचा लॉट बदलला का, पीएच मीटर शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं, एसी बंद पडून शेड तापते का, सुरुवातीला मुळ्या कितव्या दिवशी काढायचीस आणि आता कितव्या, मूळ ॲग्रोबॅक्टेरियम कुठं चिकटून राहिलाय का. आणि एचपीएलसीचा स्टँडर्ड, म्हणजे तुलनेचा शुद्ध नमुना, जुना तर नाही ना. विथॅनोलाइड ए आणि विथाफेरिन ए दोन्ही वेगळी मोज, बेरीज करून एकच आकडा लिहू नकोस, पहिलं जास्त करून मुळीतलं आणि दुसरं पानातलं, त्यातलं कुठलं पडलंय यावरून बरंच कळतं.

हे सगळं ठीक असेल तर मग अझा.

स्टॉक (दाट मूळ द्रावण) ५० मिलिमोलर कर, डीएमएसओ या द्रावकात, म्हणजे एक मिलीत साधारण १२.२ मिलिग्रॅम. याचा फायदा असा की ५० मिली मीडियात ५० मायक्रोलिटर टाकलं की ५० मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो, त्याच्या वर जाऊ देऊ नकोस. मी १०, २५ आणि ५० असे तीन डोस ठेवते. १० च्या बाटलीत १० मायक्रोलिटर स्टॉक आणि ४० मायक्रोलिटर नुसता डीएमएसओ, २५ च्यात पंचवीस-पंचवीस, म्हणजे सगळ्या बाटल्यांत डीएमएसओ सारखा. आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या बाटल्या, दोन लागतात, एक काहीच न घातलेला आणि एक नुसता डीएमएसओ घातलेला. हा दुसरा कंट्रोल टाळलेले किती थिसिस मी बघितलेत, वाईट वाटतं, पोरांची दोन-दोन वर्षं गेलेली असतात आणि वाढ अझानं झाली की डीएमएसओनं हेच सांगता येत नाही. फिल्टर डीएमएसओ सोसणारा घे, नायलॉनचा किंवा पीटीएफईचा, सेल्युलोज ॲसिटेटचा विरघळतो. स्टॉकचे छोटे छोटे भाग करून डीप फ्रीजरला, एक भाग एकदाच वापरायचा, उरलेला परत गोठवायचा नाही.

आणि अझा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक, कधीच करायचं नाही. हे मोठ्यानं सांगतेय कारण आमच्याकडं एकदा झालंय. मीडिया बनवतानाच अझा घालून सगळं ऑटोक्लेव्हला लावलं गेलं, मी त्या दिवशी लॅबमध्ये नव्हते आणि जाताना नीट लिहून पण ठेवलं नव्हतं. सहा आठवडे आम्ही "काहीच फरक नाही, या लाइनला अझा लागू होत नाही" असं वहीत लिहीत बसलो. फरक दिसणार कुठून, अझा उष्णतेनं केव्हाच फुटून गेलं होतं. ती लाइन आम्ही टाकून दिली, आणि तिचं मला आजही वाईट वाटतं.

आता हेअरी रूटची खास गोष्ट, ही कॅलसवाल्यांना, म्हणजे पेशींचा नुसता गोळा वाढवणाऱ्यांना, लागू नाही. मुळीत विभाजन होतं ते टोकाला, मागची मुळी म्हणजे तयार झालेल्या पेशी. मग अझाचा परिणाम होणार तो टोकात आणि टोकातून पुढं जी नवीन मुळी येईल तिच्यात, मागचा सगळा गुंता आहे तसाच राहणार. सगळ्या बाटलीचा गोळा काढून एचपीएलसीला दिलास तर जुनं नवं मिसळून फरक पुसून जाईल. म्हणून मी असं करते की मुळ्या नवीन मीडियात घालून तीन-चार दिवस टोकं चालू होऊ द्यायची, मग अझा द्यायचं, ते टिकत नसल्यामुळं एक दिवसाआड ताज्या डोसाचा मीडिया बदलायचा, असं आठवडाभर. नंतर दोनदा धुऊन साध्या मीडियात. पुढचे दहा-बारा दिवस मुळ्या रुसल्यासारख्या बसतात, घाबरायचं नाही. मग नवीन निघालेली टोकं एकेक करून वेगळी कापायची आणि प्रत्येक टोकाची वेगळी लाइन करायची, निदान वीस-तीस तरी. कारण अझा प्रत्येक टोकात वेगळ्या जागचे टिकले काढतं, दोन टोकं सारखी निघत नाहीत. त्यातली बरीच बिघडलेली असतील, काही होती तशीच, आणि एखाद-दोन अशी निघतात की ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा. काम खरं निवडीचं आहे, आणि ते डोसच्या कामापेक्षा कितीतरी कंटाळवाणं आहे.

बिघाडाचं पण स्पष्ट सांगते. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, आतली हवा वाईट असते, आधी कंदील सोडून बघतात. अझा तर गावातली सगळीच पेवं एका दिवशी उघडतं, कुठलं तुझं आणि कुठलं नाही हे त्याला कळत नाही. झाडानं मिथाइल लावून जी बंद ठेवलेली असतात त्यात मोठा भाग उड्या मारणाऱ्या जीन्सचा, ट्रान्सपोझॉनचा असतो, बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधलेले ते, १९८३ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. ते मोकळे झाले की कुठंही जाऊन बसतात. जपानमध्ये १९९० साली भाताच्या रोपांना एकदाच अझा दिलं होतं, झाडं बुटकी झाली आणि तो बुटकेपणा पुढच्या पिढ्यांतही उतरला. म्हणजे "आज देऊ, उद्या धुऊन टाकू" इतकं हे सोपं नाही.

आणि खरं सांगायचं तर टिश्यू कल्चर स्वतःच एक एपिजेनेटिक मॉड्युलेटर आहे, आपण बाटलीत रसायन घालायच्या आधीपासून खुणा हलत असतात. मलेशियातल्या पाम तेलाच्या झाडांचं उदाहरण मी माझ्या पोरींना दरवर्षी सांगते. टिश्यू कल्चरची रोपं दिसायला एकदम छान, लावली, काही वर्षांनी फळं धरायला लागल्यावर कळलं की काहींची फळं वेडीवाकडी आणि तेल कमी. कारण २०१५ साली सापडलं, एका जीनच्या पोटात बसलेल्या ट्रान्सपोझॉनवरचे मिथाइलचे टिकले कल्चरमध्ये उडाले होते. त्या ट्रान्सपोझॉनचं नावच कर्मा आहे. आपल्याकडं केळीत लॉटमधली एखाद-दुसरी बुटकी, आखूड पानाची झाडं निघतात तेव्हा मला तेच आठवतं, आणि म्हणून मी एका गड्ड्यापासून ठरावीक सबकल्चरच्या पुढं जात नाही, गिऱ्हाईक कितीही मागं लागू दे. तुझ्या अझावाल्या लाइन पण बाटलीतच राहू देत, त्यांची रोपं करून रानात लावायचा विचार करू नकोस.

मोजमापात एक चूक सगळे करतात, तू करू नकोस. समज कंट्रोलच्या बाटलीत कोरडी मुळी १० ग्रॅम निघाली आणि ग्रॅमला ३ मिलिग्रॅम औषध, म्हणजे बाटलीला ३० मिलिग्रॅम. अझाच्या बाटलीत ग्रॅमला ४.२, म्हणजे चाळीस टक्के वाढ, लोक इथंच थांबतात आणि पेपर लिहितात. पण मुळीच निघाली ६ ग्रॅम, तर बाटलीला २५.२. औषध कमीच झालं की! अझानं वाढ खुंटते हे ठरलेलं, त्यामुळं टक्का आणि कोरडं वजन दोन्ही शेजारी शेजारी लिही, आणि शेवटी बाटलीमागं किती हेच बघ. प्रत्येक डोसच्या निदान पाच बाटल्या ठेव. आणि औषध परत आलेलं दिसलं की लगेच कुणाला सांगत सुटू नकोस, अझा न देता अजून तीन सबकल्चर जाऊ दे, तरीही टिकलं तरच ते खरं.

हिस्टोनवाल्या मॉड्युलेटरबद्दल विचारलं नाहीस पण तू तिकडं वळणारच, म्हणून सांगते. ट्रायकोस्टॅटिन ए, व्होरिनोस्टॅट, व्हॅल्प्रोइक ॲसिड, सोडियम ब्युटिरेट ही सगळी ॲसिटाइल काढणाऱ्या एन्झाइमला रोखतात, म्हणजे गुंडाळी सैल राहते. यांना विभाजनाची गरज नाही, काही तासांत परिणाम दिसतो, आणि धुतलं की बराचसा जातो पण. कायमची सुधारणा पाहिजे तर हे कामाचे नाहीत, पण काढणीच्या आधी एक-दोन दिवस देऊन त्या बॅचपुरतं बघायला ठीक. ट्रायकोस्टॅटिन आपल्यासारख्यांना परवडत नाही. सोडियम ब्युटिरेट स्वस्त, एक मिलिमोलरला लिटरमागं ११० मिलिग्रॅम, फक्त खवट तुपाचा वास सगळ्या शेडला लागतो, झाकण पटकन लाव. व्हॅल्प्रोइक हे फिट्सचं औषध, पोटातल्या बाळाला धोका असतो, त्यामुळं लॅबमध्ये कुणी गरोदर असेल तर ते आणि अझा, दोन्ही तिच्या हातात द्यायचं नाही, बाजूच्या टेबलावर पण नको. तुला स्वतःला पण हे लागू आहे, वेळ आली की लाजू नकोस, काम दुसऱ्याकडं दे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते निकोटिनामाइड, म्हणजे साधं बी ३ जीवनसत्त्व. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात सदाफुलीच्या पेशींना ते दिलं तर अँथोसायनिन (लाल-जांभळं रंगद्रव्य) आणि ग्लुटाथायोन (पेशीचं संरक्षण करणारं रसायन) वाढलं असं दिसलं होतं. हे सर्ट्यूइन नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या ॲसिटाइल काढणाऱ्या एन्झाइमला रोखतं. स्वस्त आहे, अझासारखं धोक्याचं नाही, नवीन मुलीला हात बसवायला उत्तम. जोर अझाएवढा नसतो, पण सुरुवात मी यानंच करून घेते.

आणि जास्मोनेट, म्हणजे झाडाचं स्वतःचं धोक्याचा इशारा देणारं संप्रेरक, सोडू नकोस. लोक इलिसिटर (झाडाला संरक्षणाची रसायनं बनवायला चेतवणारा पदार्थ) वेगळं आणि एपिजेनेटिक वेगळं असे दोन कप्पे करतात, पेशीत तसे कप्पे नसतात. झाडात जाझ नावाची प्रोटीन्स औषधाच्या जीन्सवर बसलेली असतात आणि ती ॲसिटाइल काढणारी एन्झाइमं तिथं ओढून आणतात, म्हणजे गुंडाळी घट्ट. मिथाइल जास्मोनेट दिलं की जाझ मोडीत निघतात आणि गुंडाळी सुटते. अझा पेवाचं तोंड उघडतं, पण माल बाहेर काढा असा निरोप जास्मोनेट देतं. नुसतं तोंड उघडून ठेवलं आणि निरोप दिलाच नाही तर हळद आतच. म्हणून अझातून निवडलेल्या लाइनला वाढ भरात आल्यावर ५० ते १०० मायक्रोमोलर मिथाइल जास्मोनेट देऊन बघ, आणि तेच अझा न दिलेल्या जुन्या लाइनला पण दे. जुनी लाइन नुसत्या जास्मोनेटवरच पूर्वीच्या आकड्याला पोचली तर अझाची भानगडच नको, गरज नव्हती त्याची.

शेवटी नरक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या साताऱ्याच्या डोंगरात, कोयनेकडं आणि महाबळेश्वरच्या बाजूला हे झाड आहे, फुलांना वास वाईट म्हणून नाव तसं पडलं, पण त्यात कॅम्प्टोथेसिन आहे, ज्याच्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं करतात. आपल्या देशातल्या झाडात ते आहे हे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवलं, आणि त्यानंतर या झाडावर कुऱ्हाड चालली ती चाललीच, बुंध्यापासून तोडून चिप्स करून पोत्यांनी गेली. मी पाटण खोऱ्यात तोडलेली खुंटं बघितलीत, एका उतारावर लाइनीत. या झाडाच्या आत राहणाऱ्या काही बुरशी पण कॅम्प्टोथेसिन बनवतात, त्यामुळं सगळ्यांना वाटलं झाड तोडायलाच नको, बुरशी प्लेटवर वाढवू. तर बुरशी चार-सहा सबकल्चरमध्ये विसरायला लागली, तुझ्या मुळ्यांसारखीच. मग बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या उमा शंकर यांच्या गटानं २०१५ साली दाखवलं की ती विसरलेली बुरशी परत झाडात सोडली तर तिचं उत्पादन परत येतं, आणि प्लेटवरच ५-अझा दिलं तरी परत येतं. हे वाचलं त्या दिवशी मी लॅबमधलं काम थांबवून सगळ्यांना चहा पाजला होता. आकडे मायक्रोग्रॅममधले आहेत, त्यावर कारखाना चालत नाही, पण झाडात परत जाणं आणि अझा देणं या दोन्हींनी तेच तोंड उघडलं ही गोष्ट मला फार मोठी वाटते. झाड त्या बुरशीला काहीतरी सांगत असतं आणि प्लेटवर ते सांगणारं कुणी नसतं. तुझ्या मुळ्यांना पण अश्वगंधाचं पान, खोड, माती यातलं काय सांगायचं थांबलंय, हे कधीतरी शोधून बघण्यासारखं आहे, तू करशील असं मला वाटतं.

हातमोजे नायट्राइलचे, दुहेरी घाल. वजन करताना पंखा बंद. वापरलेला मीडिया मोरीत ओतायचा नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा उचलणाऱ्याकडं द्यायचा, तोपर्यंत कॅनवर ठळक लिहून ठेव, शेडमध्ये घरची माणसं येत-जात असतात.

पहिल्या बॅचचे कोरड्या वजनाचे आणि एचपीएलसीचे कागद झाले की कराडला घेऊन ये, आकडे चांगले असू देत नाहीतर वाईट. येताना वडिलांना पण आण, आणि त्यांच्या रानातले हळदीचे पाच-सहा गड्डे, वेगवेगळ्या सऱ्यांतले, चिठ्ठी लावून. कर्क्युमिन मोजून देते, त्यांना त्यांच्या हळदीचा खरा आकडा तरी कळेल.